‘या एकदा घरी’ म्हणजे नेमकं कधी?

वाचकांचे प्रश्न : ऑटिस्टिक किशोर-तरुण आणि त्यांचं घर

या वेळची बहुतेक पत्रं दहावी-बारावी आणि कॉलेजच्या वयातल्या मुलामुलींच्या घरांतून आली आहेत. लहानपणी स्पीच थेरपी झाली, ऑक्युपेशनल थेरपी झाली, शाळाही कशीबशी पार पडली. आता प्रश्न उरला आहे तो मित्रांचा, गप्पांचा, चारचौघांत वावरण्याचा. उत्तरं देण्याआधी एका शब्दाविषयी सांगतो. ऑटिझम असलेल्यांसाठी मराठीत ‘स्वमग्न’ हा शब्द रुळला आहे, पण अनेक तरुणांना तो खटकतो. ‘मी स्वतःत मग्न नाही, मला तुमच्यात यायचंय’, असं त्यांचं म्हणणं असतं. म्हणून आम्ही इथे ‘ऑटिस्टिक’ हाच शब्द वापरला आहे.

प्रश्न : मुलगा अकरावीला आहे. रेल्वे इंजिनांची त्याला इत्थंभूत माहिती. कॉलेजच्या कट्ट्यावर मुलं बोलत असली की हा जाऊन थेट डब्ल्यूएपी-७ वर सुरू होतो. मुलं एकेक करून निघून जातात. ‘सगळ्यांत मिसळ, नीट बोल’ असं आम्ही रोज सांगतो, पण काही फरक नाही. – एक आई, नाशिक

‘मिसळ’ आणि ‘नीट बोल’ यांत करायचं काय, हे कुठेच नाही. ‘भाजी नीट कर’ एवढं सांगून कुणाला भाजी येत नाही. फोडणीत आधी काय पडतं, झाकण कधी ठेवायचं, हे सांगावं लागतं. इतर मुलं गप्पांची ही पावलं नुसती बघून उचलतात. तुमच्या मुलाला ती सुटी करून, क्रमाने द्यायला हवीत.

घोळक्यात शिरण्याचा क्रम असा. आधी चार-पाच हात अंतरावर थांबायचं, हातात मोबाइल किंवा पाण्याची बाटली असावी, म्हणजे टक लावून उभं राहिल्यासारखं वाटत नाही. विषय काय चाललाय ते ऐकायचं. त्या विषयातलं आपल्याला काही येतं का, हे स्वतःला विचारायचं. येत नसेल तर तो घोळका सोडून द्यायचा, कारण तिथे उभं राहून विषय बदलणं हीच नेमकी चूक होते. येत असेल तर हातभर अंतरापर्यंत जायचं, बोलणं क्षणभर थांबण्याची वाट बघायची आणि त्याच विषयावर एकच छोटं वाक्य टाकायचं. क्रिकेट चाललं असेल तर ‘शेवटची ओव्हर बघितली का?’ एवढं पुरे. मग तीन गोष्टी तपासायच्या : कुणी आपल्याकडे बघितलं का, कुणी उत्तर दिलं का, कुणी जरा सरकून जागा केली का. यांतल्या दोन झाल्या तर तिथेच थांबून गप्पांत राहायचं. नाही झाल्या तर नजर दुसरीकडे वळवायची, मग अंग वळवायचं आणि शांतपणे चालू पडायचं. ‘मला का घेत नाही?’ असं विचारायचं नाही. घोळक्यात शिरायचा प्रयत्न सगळ्यांचाच अनेकदा फसतो, हे त्याला आधीच सांगून ठेवा. नाहीतर पहिल्याच नकारानंतर तो कट्ट्याकडे फिरकणार नाही.

पुढचा भाग बोलत राहण्याचा. यात दोन टोकांच्या चुका होतात. एक म्हणजे एकट्याचंच कीर्तन, जे तुमचा मुलगा करतो. दुसरी चूक आपणच शिकवतो. ‘समोरच्याला प्रश्न विचार’ असं सांगितलं की मुलं प्रश्नामागून प्रश्न विचारतात आणि गप्पांची उलटतपासणी होते. साधा नियम असा ठेवा : एक प्रश्न विचार, उत्तर ऐक, त्या उत्तरावर एक वाक्य बोल, मग त्याच प्रश्नाचं स्वतःचं उत्तर दोन-तीन वाक्यांत दे आणि थांब. दोघांनाही आवडणारं काहीतरी सापडेपर्यंत ही देवाणघेवाण चालवायची. डोळ्यांत डोळे घालून बोलायची सक्ती करू नका. खांदे समोरच्याकडे वळलेले असले की पुरतं. नजरेकडे लक्ष देता देता अनेकांचं ऐकणंच सुटतं.

सराव घरी, रोज दहा मिनिटं, चहाच्या वेळी करा. पहिल्या आठवड्यात तुम्ही मुद्दाम चुकीचं करून दाखवा : त्याने सिनेमाचं विचारलं की तुम्ही साबुदाण्याच्या भावावर पाच मिनिटं बोला. मग तीन प्रश्न विचारा. ऐकणाऱ्याला कसं वाटलं असेल? त्याचं माझ्याविषयी काय मत झालं असेल? त्याला माझ्याशी पुन्हा बोलावंसं वाटेल का? दुसऱ्याची चूक ओळखणं सोपं जातं, म्हणून सुरुवात तिथून. दुसऱ्या आठवड्यापासून भूमिका बदला. एक कळकळीची विनंती : बाहेर, लोकांसमोर त्याला दुरुस्त करू नका. एक खूण ठरवा, तुम्ही घड्याळाला हात लावला की ‘आता थांब’. बाकी बोलणं घरी आल्यावर.

आणि इंजिनं सोडायला लावू नका. मैत्री समान आवडीवर उभी राहते. रेल्वेप्रेमींचे गट असतात, स्टेशनांवर फोटो काढायला जाणारी मुलं असतात. वर्गातल्या सगळ्यांत लोकप्रिय टोळक्यापेक्षा त्याला तिथे जागा मिळण्याची शक्यता जास्त. ज्या घोळक्यात त्याची आधीच वाईट ओळख झाली आहे, तिथे निदान काही महिने प्रयत्न नकोत. तिथे नवं कौशल्यही जुन्याच नजरेने बघितलं जातं.

प्रश्न : शेजारच्या वहिनी मुलीला म्हणाल्या, ‘ये गं एकदा निवांत गप्पा मारायला.’ मुलगी २० वर्षांची आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता ती गेली आणि संध्याकाळपर्यंत बसली. त्यांनी मला ऐकवलं. मुलगी म्हणते, ‘त्यांनीच बोलावलं होतं.’ – कोल्हापूर

तिचं म्हणणं बरोबर आहे, आणि हे तुम्ही तिला आधी सांगा. शब्द तसेच होते. आपल्या भाषेत असे कितीतरी शब्द आहेत जे बोलले एक जातात आणि समजायचे दुसरेच असतात. निघताना आपण ‘जातो’ म्हणतच नाही, ‘येतो’ म्हणतो. ‘काय म्हणता?’ हे विचारणं नसतं, नमस्कार असतो.

खरं आमंत्रण ओळखायला तिला एक परीक्षा द्या. त्यात दिवस आणि वेळ असते. ‘रविवारी पाचला ये’ हे आमंत्रण आहे. ‘ये एकदा’ हा जिव्हाळा आहे. शंका असेल तर एकच वाक्य बोलायचं : ‘हो, आवडेल. कधी येऊ?’ उत्तरात दिवस मिळाला तर ते खरं. ‘अगं, ये की कधीही’ असं आलं तर हसून ‘हो’ म्हणायचं आणि विषय सोडायचा. जायचंच असेल तर आदल्या दिवशी फोन करून विचारायचं. पोचल्यावर पाऊण तासाचा गजर मोबाइलवर कंपनावर ठेवायचा आणि गजर झाला की ‘चला, येते मी’ म्हणून उठायचं. यजमानांनी दोनदा आग्रह केला तर आणखी पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही.

एक वही करा. डाव्या पानावर ‘म्हणतात’, उजव्या पानावर ‘बहुतेक वेळा अर्थ’. ‘बघू’, ‘कळवतो’, ‘जमलं तर येतो’ : बहुतेक नाही, दोन दिवसांत निरोप आला नाही तर नक्की नाही. ‘राहू दे हो, कशाला आणलंत?’ : आणलेलं आवडलं आहे, परत न्यायचं नाही. जेवताना ‘अजून घ्या’ : नको असेल तर ताटावर हात आडवा धरून ‘पोट भरलं, छान झालं होतं’ असं म्हणायचं, आणि हे तीन वेळा म्हणावं लागेल. नुसतं एकदा ‘नको’ म्हटलं तर आपल्याकडे तो संकोच समजला जातो आणि पानात वाढलं जातं. जिला एखाद्या पदार्थाचा स्पर्शच सहन होत नाही, तिच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे.

मराठीने या मुलांना एक मोठी मदतही केली आहे, तिचा उपयोग करा. ‘आम्ही उद्या सिनेमाला चाललोय’ यात ऐकणारी नाही. ‘आपण जाऊ या’ यात ती आहे. ‘आम्ही’ ऐकलं तर तयार होऊन बसायचं नाही. ‘मज्जा करा’ म्हणायचं. हे एवढं शिकवल्यावर अनेक गैरसमज टळतात. ‘तू’ आणि ‘तुम्ही’चंही नियमात बसवा : वर्गातले आणि लहान मुलं तू, शिक्षक, मित्रांचे आईवडील, दुकानदार, रिक्षावाले, अनोळखी मोठी माणसं तुम्ही, शंका असेल तर तुम्ही. समोरच्याने ‘अरे-तुरे कर’ असं स्वतः म्हटल्यावरच बदलायचं.

आणि हे घरालाही लागू आहे. ‘आज कपबशा आपोआप धुतल्या जाणार वाटतं’ हा टोमणा तिच्यापर्यंत पोचत नाही, आपला राग मात्र वाढतो. ‘चहा झाला की तुझा कप धू’ हे पोचतं. ज्या घरात ‘बघू’ऐवजी ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘शुक्रवारी सांगते’ असं म्हणतात, तिथे मुलांची धुसफूस कमी होते, कारण ती ‘बघू’ धरून बसत नाहीत.

प्रश्न : आमच्या शहरात ‘सोशल स्किल्स’चे गट निघाले आहेत. घालावं का? कसं पारखायचं? – एक वडील, पुणे

जगभर ज्याचा सर्वांत जास्त अभ्यास झाला असा एक कार्यक्रम आहे, ‘पीअर्स’. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एलिझाबेथ लॉगसन आणि फ्रेड फ्रँकेल यांनी तो किशोरवयीनांसाठी बांधला. त्याची रचना पारखण्यासाठी चांगला गज आहे. आठवड्यातून एकदा दीड तास, मूळ रचनेत किशोरांसाठी १४ आठवडे, तरुणांसाठी १६. मुलांचा वर्ग चालू असतानाच शेजारच्या खोलीत पालकांचा वर्ग चालतो आणि त्यांनाही तोच धडा दिला जातो. तासाचा बराच भाग मागच्या आठवड्याच्या गृहपाठात जातो : फोन केला का, काय अडलं, का अडलं. मग नवा धडा, करून दाखवणं, सराव, आणि शेवटी पालक-मुलं एकत्र बसून पुढच्या आठवड्याचा गृहपाठ ठरवतात.

पालकांचा वर्ग हा या सगळ्याचा कणा आहे, आणि आपल्याकडच्या अनेक गटांत नेमका तोच नसतो. मूल सोडायचं, बाहेर बाकावर बसायचं, तासाने न्यायचं. वर्गात शिकलेलं वर्गातच राहतं. २०१७ साली अशा गट-प्रशिक्षणांच्या चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात मुलांनी स्वतः सांगितलेली सुधारणा मुख्यतः ‘काय करायचं ते कळलं’ या प्रकारची निघाली. शिक्षकांच्या नोंदींत तसा ठळक फरक नव्हता. कळणं आणि वळणं यांमधली दरी घरच्या आणि कॉलेजातल्या सरावानेच बुजते.

म्हणून विचारा : गटात किती जण? सहा ते दहा ठीक. वयात अंतर किती? १३ वर्षांचा आणि २२ वर्षांचा एका गटात नको, दोघांच्या गप्पांचं जगच वेगळं. मुलाची स्वतःची इच्छा विचारली जाते का? आईवडिलांच्या हट्टाने आलेला मुलगा चौदा आठवडे भिंतीकडे बघत बसतो. दर आठवड्याला गृहपाठ आणि त्याची तपासणी असते का? शिकवलेले नियम आपल्याकडच्या तरुणांचे आहेत का, की परदेशी पुस्तकातून उतरवलेले? तिथल्या तरुणांची हस्तांदोलनाची रीत किंवा ‘डेट’चे नियम इथे जसेच्या तसे शिकवले तर मुलगा अडचणीत येईल. दक्षिण कोरियासारख्या देशांत हा कार्यक्रम नेताना तो तिथल्या रीतीनुसार जुळवून घ्यावा लागला. मराठीतही ते काम करायलाच हवं. आणि शेवटचं : हात हलवणं, डुलणं बंद करणं हे ध्येय म्हणून कुणी सांगत असेल, तर तिथून बाहेर पडा. त्या हालचालींनी ही मुलं स्वतःला सावरतात.

हे गट बोलू शकणाऱ्या, मित्र हवे असणाऱ्या मुलांसाठी आहेत. ज्यांचं बोलणं मोजकं आहे, त्यांच्यासाठी आधी चित्रफलक किंवा टॅबलेटवरचं संवादाचं साधन, मग बाकीचं.

प्रश्न : मुलाला दोन मित्र घरी बोलवायचे आहेत. मागच्या वेळी तो अर्ध्यात आपल्या खोलीत निघून गेला. – ठाणे

मागच्या वेळी बहुधा वेळ फार मोठी होती आणि करायला काही ठरलेलं नव्हतं. नुसत्या गप्पा हा सगळ्यांत अवघड प्रकार आहे. पहिल्या भेटीला दोन तासांहून जास्त नको, आणि बोलावतानाच सांगायचं : ‘शनिवारी चार ते सहा, कॅरम किंवा व्हिडिओ गेम.’ सुरुवातीला एकच मित्र बोलवा. तिघांत दोघं जुळतात आणि तिसरा बाहेर पडतो. ज्या वस्तूंना कुणी हात लावलेला चालत नाही, त्या आदल्या दिवशी कपाटात. खेळ पाहुण्याने निवडायचा; कंटाळा आला तर ‘आता दुसरं काही खेळू या का?’ हे वाक्य पाठ असू द्या. मध्येच थकला तर ‘मी पाच मिनिटांत पाणी घेऊन येतो’ असं सांगून स्वयंपाकघरात जाता येतं. न सांगता निघून जाण्यात आणि यात फार मोठा फरक आहे.

तुमचं काम : दार उघडणं, पोहे देणं आणि आत जाणं. पाहुण्या मुलाला मार्क विचारत बसू नका. धाकट्या भावंडाला त्या दोन तासांसाठी आजीकडे पाठवा.

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या मुलाने वर्गातल्या मुलीला एका रात्रीत चाळीस मेसेज पाठवले. तिने ब्लॉक केलं तर दुसऱ्या नंबरवरून पाठवले. तिच्या घरच्यांनी तक्रार करू असं सांगितलंय. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. – नाव न छापण्याची विनंती

त्याच्या मनात वाईट नसेल. पण त्या मुलीला भीती वाटली, आणि ती भीतीही खरीच आहे. दोन्ही गोष्टी त्याला सांगायला हव्यात. स्पष्ट नकारानंतरही मुलीशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि मुलगी १८ च्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदाही लागू होऊ शकतो. हेतू चांगला होता हे पोलीस ठाण्यात सांगण्याची वेळ येऊ नये म्हणून आजच पुढचं करा.

त्या मुलीशी संपर्क पूर्ण बंद. माफीचा मेसेजसुद्धा नाही. तो एक्केचाळिसावा मेसेज ठरतो. माफी पालकांनी पालकांकडे, एकदाच मागावी.

पुढच्यासाठी दोन मेसेजचा नियम : एक पाठवला, उत्तर नाही, दोन दिवस थांबून दुसरा, त्यालाही उत्तर नाही, तर तिसरा कधीच नाही. रात्री नऊनंतर आणि सकाळी नऊआधी कुणालाच नाही. ब्लॉक म्हणजे ‘नाही’, आणि दुसऱ्या नंबरवरून जाणं म्हणजे बंद दार तोडणं. न बोललेले नकारही वहीत लिहा : निळ्या खुणा आल्या पण उत्तर नाही, नुसता अंगठा, ‘बिझी आहे’ दोनदा, आणि स्वतःहून दुसरी वेळ सुचवली नाही. आपल्याकडे मुली भिडस्तपणामुळे तोंडावर ‘नाही’ क्वचितच म्हणतात, त्यामुळे ‘ती नाही म्हणाली नव्हती’ हा युक्तिवाद चालणार नाही. कसोटी उलटी ठेवा : स्पष्ट ‘हो’ नसेल तर ते ‘नाही’.

मोबाइल काढून घेऊन हे शिकता येत नाही. महिनाभर, त्याच्या संमतीने, दर रविवारी पंधरा मिनिटं त्याचे चॅट त्याच्यासोबत बघा. आणि आवडणं ही चूक नव्हती, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. नाहीतर आवडणं हाच गुन्हा, असं तो धरून बसेल.

प्रश्न : कॉलेजात मुलं मुलाची नक्कल करतात. आम्ही ‘दुर्लक्ष कर’ म्हणतो, सर म्हणतात ‘येऊन सांग’. दोन्हीने वाढतंच आहे. – छत्रपती संभाजीनगर

गप्प राहिलं की चिडवणाऱ्याला वाटतं, आणखी थोडं केलं की हा फुटेल. प्रत्येक वेळी सरांकडे गेलं की त्याचा सूड निघतो. शब्दांनी चिडवलं तर छोटं, कोरडं उत्तर द्यायचं आणि तिथून निघायचं : ‘बरं, मग?’ ‘झालं बोलून?’ ‘हे जुनं झालं.’ आवाज सपाट, चेहरा कंटाळलेला. तीन वाक्यं त्याने स्वतः निवडायची आणि घरी तीस-चाळीस वेळा म्हणायची, कारण त्या क्षणी नवं वाक्य सुचत नाही. सराव करताना तुम्ही त्याला खरोखर लागेल असं चिडवू नका. ‘तुझे बूट काय रे!’ एवढ्यावर ठेवा. पहिले काही दिवस चिडवणं वाढतं, हेही त्याला माहीत असू द्या. मुलं जुनी प्रतिक्रिया परत मिळते का ते बघत असतात.

मारणं, ढकलणं, पैसे किंवा डबा घेणं, व्हिडिओ काढणं, याला हे उत्तर नाही. तिथे कोरडं वाक्य बोललं तर मार वाढतो. तिथून निघायचं, वर्गातल्या दुसऱ्या कुणाच्या शेजारी थांबायचं आणि त्याच दिवशी मोठ्यांना सांगायचं. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, आणि यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. प्राचार्यांना तोंडी नाही, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : घरात मराठी, बाहेर कोंकणी, कॉलेजात इंग्रजी. एकच भाषा ठेवा असं आम्हाला सांगितलं गेलं. – मडगाव

गरज नाही. एकाहून अधिक भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं नुकसान होतं, असं संशोधनात आढळलेलं नाही. ज्या भाषेत आजी बोलते ती भाषा काढून घेतली तर मुलाचं एक माणूस कमी होतं. फक्त संवादाची वाक्यं त्या त्या जागेच्या भाषेत शिकवा : मित्रांची वाक्यं मित्रांच्या भाषेत.

प्रश्न : चुलत बहिणीचं लग्न आहे. मुलीला नेलं तर त्रास, नाही नेलं तर नातेवाईक बोलतात. – सातारा

संपूर्ण लग्नाचा विचार करू नका, तुकडे करा. मुलीलाच विचारा, कोणता तुकडा हवा. बऱ्याच जणांना सकाळचा शांत विधी झेपतो. अक्षता, बँड आणि जेवणाची पंगत एकत्र झेपत नाही. कार्यालयाचे फोटो आधी दाखवा. पोचल्यावर सगळ्यात आधी शांत खोली कुठे आहे ते बघून या. बहुतेक कार्यालयांत वधूपक्षाची एखादी खोली दुपारी रिकामी असते. कानावर आवाज रोखणारे हेडफोन, जरीऐवजी सुती साडी किंवा आतून सुती अस्तर, ओळखीचा डबा. ‘ओळखलंस का मला?’ या प्रश्नाला एक उत्तर ठरवून द्या : ‘नमस्कार, आठवत नाही, तुम्ही सांगा ना.’ मिठी नको असेल तर लांबूनच हात जोडून नमस्कार. आपल्याकडे तो पूर्ण सन्मानाचा आहे, याचा फायदा घ्या.

एका माणसावर फक्त तिची जबाबदारी असावी, आणि निघायची गाडी त्याच्याच हातात असावी. तिने ठरलेली खूण केली की दहा मिनिटांत बाहेर, मग मंगलाष्टकं चालू असोत की जेवणं. एकदा जरी तुम्ही ‘थांब गं थोडं’ म्हणालात, तर पुढच्या लग्नाला ती घरातूनच निघणार नाही. नातेवाइकांना आदल्या दिवशी एक मेसेज पुरे : ‘ती एक तास येणार आहे, तिला आवाजाचा त्रास होतो, स्वतःहून बोलली तर बोला.’

प्रश्न : मी २३ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, नोकरी करतो. हे सगळं मी शिकलोय आणि मला ते जमतं. पण संध्याकाळी घरी आलो की दोन तास कुणाशी बोलता येत नाही, शनिवार झोपण्यात जातो. मला बदलायचं आणि बाकीच्यांनी काहीच करायचं नाही का? – मुंबई

तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि या पानावरच्या सगळ्या पालकांनी तो वाचावा.

तुम्ही जे वर्णन करता त्याला मुखवटा घालणं म्हणतात : चेहरा, नजर, आवाज, हात यांवर सतत ताबा ठेवणं. दीर्घकाळ असं केल्याचा संबंध चिंता आणि नैराश्याशी आढळला आहे. दिवसभर जमणं आणि त्याची किंमत परवडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचं जमतंय, किंमत परवडत नाही आहे.

डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मांडलं की अडचण दुतर्फा आहे : ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत, तसाच इतरांनाही ऑटिस्टिक माणूस कळत नाही. पुढे २०२० साली कानगोष्टींच्या खेळासारखा एक प्रयोग झाला. आठ-आठ जणांच्या साखळ्यांतून एक गोष्ट पुढे सांगायची. ऑटिस्टिक माणसांच्या साखळीने ती इतरांइतकीच नीट पोचवली. गळती झाली ती मिश्र साखळ्यांत. नंतरच्या मोठ्या अभ्यासात मिश्र साखळ्यांचा हा फरक दिसला नाही, पण ऑटिस्टिक माणसं एकमेकांत कमी पडतात असं या दोन्ही अभ्यासांत निघालं नाही.

म्हणून शिकलेली कौशल्यं हत्यारांसारखी वापरा, कातडीसारखी नाही. आठवडाभर नोंद ठेवा : कोणता प्रसंग, किती मिनिटं, त्यानंतरचा थकवा दहापैकी किती. बहुतेकांच्या यादीत दोन-तीन प्रसंगच बहुतेक थकवा खाताना दिसतात. दुपारचं सगळ्यांसोबतचं जेवण, कॅमेरा चालू ठेवून होणारी मीटिंग, लोकलमधला सहकाऱ्यांचा घोळका. तेवढेच बदला. जेवण आठवड्यातून दोनदा सगळ्यांसोबत, तीनदा एकट्याने. लोकल एक सोडून पुढची.

ऑफिसात काही मागायचं असेल तर ऑटिझमचं निदान सांगण्याआधी गरज सांगून बघा : ‘मला काम लेखी मिळालं तर चुका होत नाहीत’, ‘मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी पाठवाल का?’ बऱ्याच ठिकाणी एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ऑटिझमचा समावेश आहे आणि वाजवी सोयी मागण्याचा हक्क त्यात आहे. सांगायचं ठरलं तर आधी एका माणसाला, कागदावर अर्ध्या पानात : मला काय अवघड जातं, त्या वेळी मी कसा दिसतो, तुम्ही काय केलं तर मदत होते. गप्प बसलो म्हणजे रागावलो असं नाही, हे वाक्य त्यात जरूर घाला.

आणि संध्याकाळचे ते दोन तास. ते घरच्यांना वेळापत्रकासारखे सांगा : सात ते नऊ दार बंद, जेवण नऊला, त्याआधी प्रश्न नाही. आई दारावर टकटक करेल, तिचा स्वभाव आहे. तिच्यासाठी दाराला एक पाटी लावा, एका बाजूला ‘नऊला भेटू’ आणि दुसऱ्या बाजूला ‘चहा चालेल’.